फ्लॉरेन्सहून एका दिवसात सिएना, सान जिमिन्यानो आणि पिसा: तासांचा हिशेब मांडून करायची सहल

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तीन-चार दिवस मुक्काम असला की त्यातला एक दिवस बाहेरगावी काढायचा, असं बहुतेकांचं ठरलेलं असतं. सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनच्या आसपासून रोज सकाळी गाइडसह सहलीच्या बस सुटतात आणि रात्री साडेसात-आठपर्यंत परत आणून सोडतात. जाहिरातीत सिएना, सान जिमिन्यानो, पिसा, वाटेत मोन्तेरिज्जोनी आणि द्राक्षमळ्यातलं जेवण अशी भरगच्च यादी असते. मी ही सहल दोनदा केली. पहिल्यांदा यादी बघून आणि दुसऱ्यांदा आईला सोबत घेऊन, आधी तासांचा हिशेब मांडून. पहिल्या दिवसातली मला बस आठवते, दुसऱ्या दिवसातली गावं आठवतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पैसे भरण्याआधी कागद-पेन घ्या

फ्लॉरेन्स ते सिएना साधारण 75 किलोमीटर, सव्वा तास. सिएना ते सान जिमिन्यानो पाऊण ते एक तास. तिथून पिसा पुन्हा सव्वा तास आणि पिसाहून फ्लॉरेन्स गर्दी धरून सव्वा ते दीड तास. म्हणजे बारा तासांच्या दिवसातले पावणेपाच तास बसमध्येच जातात. जेवणाला दीड तास धरा. या सगळ्या गावांत मोठ्या बसना जुन्या वेशीच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे बसतळापासून चालत जायचं, चालत यायचं आणि गट जमेपर्यंत थांबायचं, यात आणखी तास जातो. गावात पाय ठेवायला हातात उरतात साडेचार-पावणेपाच तास. सिएनाला दोन, पिसाला दीड, सान जिमिन्यानोला एक अशी त्यांची वाटणी होते. यादीत चौथं गाव असेल तर त्याची वीस मिनिटं यांतूनच कापली जातात.

माझं मत स्पष्ट आहे. फ्लॉरेन्समध्ये आणखी अर्धा दिवस मोकळा असेल तर पिसा या सहलीतून वगळा. फ्लॉरेन्सहून पिसाला थेट ट्रेन आहे, तासाभरात पोचते, आणि पिसा चेन्त्राले स्टेशनवरून मनोऱ्यापर्यंत पाऊण तासाच्या आत रमतगमत चालत जाता येतं. त्यासाठी गाइडची आणि बसची गरज नाही. सान जिमिन्यानोला मात्र रेल्वे स्टेशनच नाही. पोज्जीबोन्सीला उतरून बस बदलावी लागते, आणि सिएना, सान जिमिन्यानो एकाच दिवसात स्वतः करायचं तर निम्मं लक्ष वेळापत्रकात राहतं. बसच्या सहलीचा खरा फायदा या दोन गावांसाठी आहे. पिसाशिवायची सहल मिळाली तर ती घ्या, सिएनाला तीन तास मिळतील. एकच दिवस हातात असेल आणि पिसाचा मनोरा बघितल्याशिवाय चैन पडणार नसेल, तर तीन गावांची घ्या. मात्र चार गावांची घेऊ नका.

जाहिरात कशी वाचायची

"सिएना समाविष्ट" याचा अर्थ सिएनाच्या कॅथेड्रलचं तिकीट समाविष्ट, असा होत नाही. चार गोष्टी शोधून वाचा आणि स्पष्ट लिहिलेल्या नसतील तर बुकिंगआधी विचारून घ्या. सिएनामध्ये स्थानिक गाइड बरोबर चालणार आहे का, की बसमधली व्यक्ती फक्त वाट दाखवून सोडणार आहे? कॅथेड्रलचं तिकीट किमतीत आहे का? जेवण कुठे आणि काय? आणि प्रत्येक गावात मोकळा वेळ किती? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिनिटांत मिळायला हवं. "पुरेसा वेळ मिळेल" एवढ्यावर समाधान मानू नका.

गाइडची भाषाही बघा. काही सहलींत एकच गाइड प्रत्येक गोष्ट इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये सांगते, त्यात ऐकायचा निम्मा वेळ जातो. फक्त इंग्रजीची सहल थोडी महाग असली तरी परवडते.

दिवस निवडताना रविवार टाळा. सकाळी प्रार्थना चालू असल्यामुळे सिएनाचं कॅथेड्रल पर्यटकांना दुपारनंतर उघडतं आणि तुमची बस तेव्हा निघालेली असते. 2 जुलै आणि 16 ऑगस्ट हे पालिओचे, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचे दिवस. त्याच्या आधीचे काही दिवस सिएनाच्या मुख्य चौकात मातीची धावपट्टी घातलेली असते. शर्यत बघायची तर मुक्कामालाच जावं, दिवसाच्या सहलीत तिला न्याय मिळत नाही. एरवी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टचं ऊन दगडी गल्ल्यांत आपल्यालाही सोसत नाही.

आदल्या रात्री

बूट जुने, पायाला सवय झालेले घाला. सिएना तीन टेकड्यांवर वसलंय, सान जिमिन्यानोत वेशीपासून चौकापर्यंत सरळ चढ आहे, आणि फरसबंदी शेकडो वर्षांत गुळगुळीत झालेली आहे. आईने चप्पल घालायचा हट्ट सोडला, त्याबद्दल ती दुपारी स्वतःच समाधान व्यक्त करत होती. कुणाचे गुडघे दुखत असतील तर हे आधी सांगा: बसतळापासून गावापर्यंतचं चालणं कुठल्याही सहलीत टळत नाही.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी किंवा स्टोल पिशवीत ठेवला की काम भागतं. शिवाय पाण्याची बाटली, टोपी, एक आणि दोन युरोची सुट्टी नाणी (स्वच्छतागृहात लागतात), पासपोर्टची झेरॉक्स, आणि स्वतःचे तारवाले इअरफोन. गाइडचं बोलणं ऐकायला गळ्यात अडकवायचं छोटं यंत्र देतात, त्यात हे बहुधा बसतात आणि दुसऱ्याने वापरलेले कानात घालावे लागत नाहीत.

घरून खाऊ नेताना एक लक्षात ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप भारतातच राहू द्या. चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की चालते, आणि सकाळी सातला हॉटेलचा नाश्ता सुरू झालेला नसताना तीच कामाला येते.

शाकाहाराचं आदल्या रात्री नाही, बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि सकाळी बसमध्ये चढताना पुन्हा सांगा. "सोनो वेजेतारियाना" (पुरुषांनी "वेजेतारियानो") एवढ्यावर थांबू नका, "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" म्हणजे मांस नको, मासा नको, हेही जोडा. टस्कनीत, म्हणजे ही सगळी गावं ज्या प्रांतात आहेत तिथे, पावाच्या तुकड्यावर कोंबडीच्या काळजाचा लेप लावून सुरुवातीलाच देतात आणि तो दिसायला चटणीसारखाच असतो. परमेसान चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर "सेन्त्सा फोर्माज्जो", चीज नको, हेही सांगा. रिबोल्लीता हे पाव-भाजी-घेवड्याचं दाट सूप आणि पाप्पा अल पोमोदोरो हा टोमॅटो-पावाचा लगदा, हे दोन्ही पदार्थ आपल्या जिभेला पटकन रुचतात. फक्त रस्सा मांसाचा नाही ना, ते विचारा. आणि तिथला पाव अळणी लागला तर तो बिघडलेला नाही. टस्कनीचा पाव मुळातच बिनमिठाचा करतात.

सकाळी बसमध्ये

सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा. जिथे बस उभी राहते तिथे एकाच वेळी चार-पाच गट जमलेले असतात, आपला कुठला हे शोधण्यातच दहा मिनिटं जातात. वळणांचा त्रास होत असेल तर पुढची जागा घ्या.

बस निघण्याआधी गाइड डोकी मोजते. आमची गाइड मोठ्याने मोजत होती, "सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे..." आणि आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हे तर सहा, सात, आठ, नऊच म्हणतेय." नेमकं हेच चारशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याच्या ध्यानात आलं होतं. फिलिप्पो सास्सेत्ती त्याचं नाव. तो कोचीला आणि गोव्याला आला, इथून त्याने घरी पत्रं लिहिली, आणि संस्कृतातले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द आपल्या भाषेशी जुळतात असं त्यात नोंदवलं. 1588 मध्ये तो गोव्यातच वारला. सांगायचं कारण असं की परत जमण्याच्या वेळा तुम्हाला कानांनीही टिपता येतात. "सेत्ते ए मेद्जो" म्हणजे साडेसात, एवढं कळलं तरी धीर येतो.

प्रत्येक गावात उतरल्यावर बसच्या नंबराचा आणि जमण्याच्या जागेचा फोटो काढा. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घेणं कायद्याने बंधनकारक आहे आणि दिवसाचे चालवण्याचे तासही ठरलेले आहेत, त्यामुळे बस कुणासाठी फार थांबू शकत नाही. माझ्या पहिल्या सहलीत पिसाला एक जोडपं वेळेवर आलं नाही. पंधरा मिनिटं वाट बघून बस निघाली, ते दोघं रात्री ट्रेनने आले.

सिएना: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बऱ्याच बस सान दोमेनिको चर्चच्या बाजूला सोडतात. तिथूनच समोरच्या टेकडीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल दिसतं, पहिला फोटो इथे घ्या. मग गल्ल्यांतून चालताना नजर वर ठेवा. भिंतींवर हाताच्या पंजाएवढ्या फरश्यांवर गोगलगाय, हंस, कासव, साळिंदर, पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती अशी चिन्हं दिसतील. या कोन्त्रादा, म्हणजे सिएनाच्या सतरा पेठा. प्रत्येकीचं निशाण, चर्च, संग्रहालय वेगळं. पालिओत त्यांतल्या दहाच पेठांचे घोडे धावतात आणि चौकाला तीन फेऱ्या मारणारी शर्यत दीडेक मिनिटात संपते. त्या दीड मिनिटासाठी वर्षभर तयारी चालते आणि घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना चिन्हं मोजायला सांगा, चढ कधी संपला ते त्यांना कळत नाही.

पियात्सा देल काम्पो हा चौक शिंपल्यासारखा आहे आणि मध्याकडे उतरता आहे. विटांच्या फरसबंदीत पांढऱ्या दगडाच्या रेषांनी नऊ भाग पाडलेत. 1287 ते 1355 या काळात सिएनावर नऊ जणांच्या मंडळाचं राज्य होतं, त्याची ही खूण. सगळ्या रेषा नगरभवनासमोरच्या एका मोरीकडे जातात, पावसाचं पाणी तिथेच उतरतं. इथे लोक सरळ जमिनीवर बसतात, तुम्हीही बसा. सकाळच्या उन्हाने विटा कोमट झालेल्या असतात, पाठ उताराला टेकली की समोर नगरभवनाचा मनोरा, तोर्रे देल मान्जा, पायथ्यापासून टोकापर्यंत मान न मोडता दिसतो. आई तिथे वीस मिनिटं बसली होती. पुढे तीनही गावांत तिने काय पाहिलं असं विचारलं की ती आधी त्या विटा सांगते.

मनोरा चढायचा विचार दिवसाच्या सहलीत सोडून द्या. सुमारे चारशे पायऱ्या, मोजकीच माणसं आत आणि बाहेर रांग. त्याऐवजी तो वेळ कॅथेड्रलला द्या. आत शिरल्यावर डावीकडे पिक्कोलोमिनी ग्रंथालयाचं दार आहे, घाईत लोकांचं ते चुकतं. पिन्तुरिक्क्योने रंगवलेल्या तिथल्या भिंतींचे रंग पाचशे वर्षांनंतरही कालचे वाटतात. कॅथेड्रलची जमीनही चित्रांची आहे, संगमरवर कोरून आणि जडवून केलेली 56 चित्रं. तिचा मोठा भाग एरवी झाकलेला असतो, सहसा उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत उघडा ठेवतात. सप्टेंबरच्या सहलीचं हे आणखी एक कारण.

बाहेर आल्यावर कॅथेड्रलच्या शेजारी एक भलीमोठी भिंत नुसतीच उभी दिसेल. 1339 मध्ये सिएनाने कॅथेड्रल इतकं वाढवायचं ठरवलं की आत्ताची इमारत त्याची फक्त आडवी बाजू झाली असती. 1348 मध्ये प्लेग आला, गावातली बहुसंख्य माणसं गेली आणि काम तिथेच थांबलं. ते साल लक्षात असू द्या, पुढच्या गावात ते पुन्हा भेटतं.

खरेदी करायची तर पान्फोर्ते घ्या. बदाम, मध, मुरवलेली फळं आणि दालचिनी-लवंगेसारखे मसाले घालून केलेली ही घट्ट वडी आठवडे टिकते आणि त्यात सहसा अंडं नसतं. रिच्चारेल्ली ही बदामाची मऊ बिस्किटं चवीला सुरेख, पण त्यांत अंड्याचा पांढरा भाग असतो.

जेवण

द्राक्षमळ्यातलं जेवण बरं असतं, पण त्यात वाइन चाखण्याला महत्त्व असतं. वाइन घेत नसाल तर जेवण वगळलेला पर्याय घ्या आणि तो वेळ गावात वापरा. स्वतः जेवायचं तर मुख्य चौकापासून दोन गल्ल्या आत जा. बिलात "कोपेर्तो" म्हणून माणशी थोडे युरो लावतात, ते बसण्याचे असतात, फसवणूक नव्हे. टिप सक्तीची नाही. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर बसून पिण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि त्याच कॉफीवर तिथलं स्वच्छतागृहही वापरता येतं. बसमध्ये चढण्याआधी प्रत्येक गावात हे उरकून घ्या.

सान जिमिन्यानो

दक्षिणेकडच्या सान जोव्हान्नी वेशीतून आत शिरायचं आणि सरळ चढत जायचं. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा जुना रस्ता याच गावातून जायचा. त्या वर्दळीवर आणि केशराच्या व्यापारावर इथली घराणी श्रीमंत झाली आणि एकमेकांच्या ईर्ष्येने उंच मनोरे बांधत सुटली. 72 मनोरे होते असं सांगतात, आज 14 उभे आहेत. इथेही 1348 चा प्लेग आला, पाच वर्षांनी गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं, व्यापार आटला. जुनं पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून मनोरे राहिले.

दुकानं वाटेवर दोन्ही बाजूंना आहेत, ती परतताना बघा. आधी पियात्सा देल्ला चिस्तेर्ना गाठा. चौकाच्या मधोमध तेराव्या शतकातली विहीर आहे. तिच्या दगडी काठावर दोरांनी घासून पडलेल्या खाचा आहेत, बोट घातलं तर पेरभर आत जातं. गावच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेंदलेल्या पाण्याचा तो हिशेब आहे. मी आजोळच्या विहिरीवर अशाच खाचा पाहिलेल्या आहेत, त्यामुळे मला तिथून हलवेना.

54 मीटरचा तोर्रे ग्रोस्सा चढायला तिकीट आणि दम दोन्ही लागतात. वेळ कमी असेल तर मुख्य चर्चच्या चौकातून पाच-सात मिनिटांवर जुन्या किल्ल्याचे, ला रोक्काचे, अवशेष आहेत. तिथे फुकट जाता येतं आणि एका बाजूला मनोरे, दुसऱ्या बाजूला द्राक्षमळे असं दोन्ही दिसतं. जेलातोच्या, म्हणजे इटालियन आइस्क्रीमच्या, रांगेत उभं राहायचं तर घड्याळ बघून राहा. अंडं चालत नसेल तर फळांचे प्रकार मागा, "क्रेमा"त बलक असतो.

मोन्तेरिज्जोनी वाटेत असेल तर अर्धा तास पुरतो. तेराव्या शतकातला गोल तट, त्यावर 14 बुरूज, आत एक चौक. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला तट बघण्यात वेगळीच गोडी वाटते, एवढं खरं.

पिसा

बसतळापासून पंधरा मिनिटं चालणं. वाटेत आणि चौकात खिसेकापूंचा सुळसुळाट आहे, पिशवी पुढे घ्या. मनगटाला काही बांधू पाहणाऱ्यांना हात देऊ नका.

1173 मध्ये सुरू झालेला मनोरा तिसऱ्या मजल्यावरच मऊ मातीत कलायला लागला. मग लढायांमुळे काम शंभरेक वर्षं थांबलं, तेवढ्यात खालची माती बसली. सलग बांधला असता तर तो तेव्हाच कोसळला असता, असं अभियंते मानतात. 1990 मध्ये तो बंद करून, उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून सुमारे 40 सेंटिमीटर सरळ केला आणि 2001 च्या अखेरीस पुन्हा उघडला. चढायचं तर ठरावीक वेळेचं तिकीट आधीच अधिकृत संकेतस्थळावर काढावं लागतं, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. बसच्या सहलीत ही वेळ जुळवणं जोखमीचं आहे. बॅप्टिस्टरीत, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी बांधलेल्या गोल इमारतीत, मात्र जा. तिथला कर्मचारी अधूनमधून घुमटाखाली उभा राहून दोन-तीन सूर लावतो आणि ते सूर एकमेकांवर चढत अख्खी इमारत भरून टाकतात. आधी काढलेल्या फोटोंची आठवण राहत नाही, इतकं ते ऐकण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आदल्या दिवशी पाय थकलेले असतात, म्हणून दुसरी सकाळ मोकळी ठेवा आणि कशिने उद्यानात जा. ट्राम उद्यानाच्या सुरुवातीपर्यंत नेते, तिथून आर्नो नदीच्या काठाने सावलीतून तीनेक किलोमीटर चालायचं, चालवत नसेल तर टॅक्सी करायची. उद्यानाच्या पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते, तिथे कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं स्मारक आहे. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. दहन नद्यांच्या संगमावर व्हावं म्हणून ही जागा निवडली गेली. छत्रीखालचा अर्धपुतळा 1874 मध्ये बसवला. या स्मारकाचा आराखडा करणारे चार्ल्स मँट यांनीच पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रेखला. शेजारच्या पुलाला आजही तिथले लोक "पोन्ते आल्लिन्द्यानो", भारतीयाचा पूल, म्हणतात.

फुलं न्यायची असतील तर स्टेशनजवळूनच घ्या. उद्यानात त्या टोकाला दुकान नाही. आईने चिक्कीच्या डब्यातून आणलेली चिमूटभर हळद आणि कुंकू पायरीवर वाहिलं, आणि आम्ही संगमाकडे तोंड करून बराच वेळ तिथे बसलो.